चिक चॉकलेटचा ट्रम्पेट

औरंगाबादच्या राजाबाजारातून वरात निघाली की आम्ही पोरं नवरदेवाचा घोडा सोडून बँडवाल्यांच्या मागे लागायचो. चाल क्लॅरोनेटवर वाजायची, पण ट्रम्पेट वर उचलला की माड्यांवरच्या खिडक्या उघडायच्या. वाजवणाऱ्या चाचांच्या वरच्या ओठावर पितळी तोंडाचा गोल वळ कायमचा पडलेला होता. बँड हमखास 'अलबेला' चित्रपटाची गाणी वाजवी. सकाळी विविध भारतीच्या 'भूले बिसरे गीत'मध्येही ती लागत. निवेदक गायक, गीतकार, संगीतकार सगळ्यांची नावं सांगे. ट्रम्पेट फुंकणाऱ्याचं नाव कधी आलं नाही.

पुढे स. भु. महाविद्यालयात शिकताना तलत मेहमूदने झपाटलं. 'आ तेरी तस्वीर बना लूँ' ऐकून ऐकून कॅसेटची फीत सैल झाली होती. ते गाणं 1951 च्या 'नादान'मधलं, देव आनंद-मधुबालाच्या. वेष्टनावर संगीतकाराचं नाव चिक चॉकलेट! असं नाव आणि एवढी हळुवार चाल, याचा मेळ मला लागेना.

तो लागला बऱ्याच वर्षांनी, नरेश फर्नांडिस यांचं मुंबईच्या जॅझवरचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक वाचताना. चिक चॉकलेट म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, जन्म 1916, गाव बार्देशातलं हळदोणे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत पोचले. चिक 'ताज'मध्ये स्वतःचा बँड घेऊन ट्रम्पेट वाजवू लागला. अमेरिकेतला जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग त्याचं दैवत. तसाच खरखरीत आवाज, तसाच हातात पांढरा रुमाल. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. पुढे दारूबंदी आली, क्लब ओस पडू लागले आणि हे वादक मोठ्या संख्येने सिनेमाच्या स्टुडिओंत आले.

तिथे चिकची जोडी जमली संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा यांच्याशी. अण्णा जन्माने पुणतांब्याचे, म्हणजे आमच्याच गोदाकाठचे. अण्णांना चाल सुचायची, पण वीस-पंचवीस वादकांनी एकदम काय वाजवायचं हे कागदावर लिहून देणारा माणूस लागतो. त्या काळच्या सिनेसंगीतात हे काम बहुतेक गोवेकर करत. 'अलबेला'त चिक अण्णांचा सहायक होता. त्यातल्या 'दीवाना परवाना' गाण्यात तर झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून तो आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतो. त्याच चित्रपटात 'धीरे से आजा' ही अंगाई आहे. ऐन क्लबातला धिंगाणा आणि पाळण्याची दोरी एकाच चित्रपटात इतक्या सहज नांदतात, याचं श्रेय मी एकट्या अण्णांना देत नाही. अण्णांवर माझा जीव आहे, तरी नाही. तबकडीवर सहायकाचं नाव छापत नसत, हा अन्यायच होता.

'नादान'नंतर 'रंगीली'सारखे मोजके चित्रपट त्याच्या नावावर लागले, तेवढेच. 1966 च्या 'आखरी खत'मध्ये भूपिंदर 'रुत जवां जवां' गातो, तिथे ट्रम्पेट घेऊन उभा आहे तो चिकच. पुढच्याच वर्षी तो गेला.

परवा शहागंजात एका बँडच्या दुकानी गेलो होतो. मालकांचा मुलगा हल्ली ट्रम्पेट वाजवतो. मोबाइलवर त्याला 'रुत जवां जवां' दाखवलं. त्याने मोबाइल कानाशी धरून दोनदा ऐकलं, बोटं हवेतच तीन खुंट्यांवर दाबून पाहिली.

"हे उभं राहून वाजवतात, काका," तो म्हणाला. "वरातीत चालत वाजवावं लागतं, अर्धा दम पायांतच जातो."

"पण जमेल?"

"तुळशीचं लग्न होईपर्यंत वेळ आहे. स्वरलिपी आम्हाला येत नाही, ऐकूनच बसवावं लागेल. पाठवून ठेवा. आणि 'अलबेला'तलंही द्या, ते तर अब्बांच्या वहीत पहिलंच आहे."

दोन्ही गाणी पाठवली. खाली चिकचं नाव, गाव आणि साल लिहिलं.