पिन सांगा, पिन सांगू नका

सकाळी साडेसहाला दारात वर्तमानपत्र पडल्याचा आवाज झाला, की नाना चष्मा शोधू लागतात. चष्मा बहुधा कपाळावरच असतो. माईंनी तो दाखवून दिला, की चहाचा पहिला घोट आणि मग पहिले पान! पण हल्ली पहिले पान सापडेपर्यंत चहा निवून जातो. वरची दोन-दोन पाने नुसत्या जाहिरातींची.

"एवढा मोठा फ्लॅट छापलाय, खाली पोहायचा तलाव दाखवलाय, पण बातमी कुठाय?" नानांचा हा रोजचा प्रश्न.

"फ्लॅट आवडला असेल तर घेऊन टाका, नाहीतर पान उलटा," हे माईंचे स्वयंपाकघरातून येणारे रोजचे उत्तर.

नाना 1970 मध्ये टपाल खात्यात कारकून म्हणून लागले आणि 2009 मध्ये पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. निम्मी नोकरी पुणे जिल्ह्यातल्या लहान-लहान गावांत झाली. आता वय 76. पुण्यात मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू यांच्याबरोबर राहतात. तब्येत ठणठणीत आहे. दुखणे एकच, बातम्या वाचण्याचे आणि त्यांवर मोठ्याने बोलण्याचे.

2025 च्या सप्टेंबरात हे दुखणे जरा बळावले. रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा राहणार नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन होणार, अशी बातमी होती. नानांनी ती दोनदा वाचली. 14 जुलै 2013 ला तारसेवा बंद झाली तेव्हाही ते असेच गप्प बसले होते. तारेचे त्यांना फारसे वाईट वाटले नव्हते. तार आली की अर्धे गाव रडायलाच बसायचे! पण रजिस्टरची गोष्ट वेगळी. पत्र घेणाऱ्याने सही करायची आणि ती पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. "सांगितलं ते पोचलं, याचा पुरावा होता तो," नाना म्हणाले. नातवाने मोबाइलमधून डोके वर न काढता विचारले, "म्हणजे ब्लू टिक ना, आजोबा?" नानांना ब्लू टिक म्हणजे काय ते समजावून घ्यावे लागले. समजल्यावर ते म्हणाले, "असेल. पण त्यावर सही नसते."

नाना नव्याच्या विरोधात आहेत असे मात्र नाही. भाजीवालीच्या गाडीवरचा डबा 'बारा रुपये मिळाले' असे खणखणीत आवाजात सांगतो, ते त्यांना मनापासून आवडते. सुट्या पैशांऐवजी हातावर गोळ्या ठेवणारे वाणी त्यांनी आयुष्यभर सोसले. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टींवर आहे. तक्रार करायला फोन करावा, तर पलीकडे माणूसच नसतो. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मागील पर्यायांसाठी शून्य दाबा. एवढी दाबादाबी झाल्यावर फोन आपोआप बंद! हॉटेलात जेवायला जावे, तर पदार्थांची यादी देण्याऐवजी टेबलावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवतात. "अरे, मला जेवायचंय, कोडं सोडवायचं नाही," असे त्यांनी एका वेटरला सुनावले होते. आणि बँकेतून फोन करणारी पोरे 76 वर्षांच्या माणसाला सरळ पहिल्या नावाने हाक मारतात.

फोनवरच्या सूचनांनी तर त्यांचा जीव नको झाला होता. 2020 मध्ये कोणालाही फोन लावला की आधी एक माणूस खोकायचा. पुढे सायबर चोरांपासून सावध राहा, असे सांगणारी धून आली. "अहो, गॅसवाल्याला फोन लावतोय मी, चोराला नाही," असे नाना तिला रोज उत्तर देत. 2025 च्या जूनमध्ये ती बंद झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पण त्यांना सर्वांत जास्त छळणारा शब्द म्हणजे 'पिन'.

त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. भारतात पिन कोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला, आणि तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची गावे देशभर पसरलेली, पत्ते कोणी कोणत्या भाषेत लिहिलेले, अक्षर देवाने पाहून घ्यावे असे. त्यावर सहा आकड्यांचा हा तोडगा होता. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन त्या-त्या पोस्टाचे. देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि नववा लष्करी टपालाचा. तेव्हा नानांच्या नोकरीला जेमतेम दोन वर्षे झाली होती. लोकांना पिन पाठ करायला लावणे हे पुढची कित्येक वर्षे त्यांचे काम होऊन बसले. बाजाराच्या दिवशी, शाळेत, सप्ताहाच्या मांडवात ते सांगत सुटायचे, "पिन लिहा, पाहुण्यांना कळवा, पोरांना शिकवा. पिन सगळ्यांना सांगा!"

आणि आता बँक दर आठवड्याला कळवते, पिन कोणालाही सांगू नका. "उभा जन्म जे शिकवलं, त्याच्या बरोबर उलटं," नाना म्हणत. एटीएमसमोर उभे राहून हाताने आकडे झाकताना त्यांना आपणच चोरी करतो आहोत असे वाटे.

याच सुमारास वर्तमानपत्रात एक बातमी वारंवार येत होती, 'डिजिटल अरेस्ट'ची. फोनवरून पोलीस असल्याची बतावणी करायची, व्हिडिओ कॉलवर तासन् तास बसवून ठेवायचे आणि बँकेतले पैसे काढून घ्यायचे. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर 2024 मध्ये 'मन की बात'मधून याबद्दल सावध केले होते. कायद्यात अशी अटकच नाही, कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे मागत नाही, हे नानांनी अनेकदा वाचले होते. फसलेल्यांत डॉक्टर असत, प्राध्यापक असत, निवृत्त अधिकारी असत. नाना हसत. "एवढे शिकलेले लोक! दोन प्रश्न उलट विचारता येत नाहीत?"

दिवाळीला आठवडा उरला असताना, दुपारी अकराच्या सुमारास नानांचा फोन वाजला.

घरात फक्त माई होत्या, चकलीच्या भाजणीत गुंतलेल्या. फोनवरच्या माणसाने नानांना आदराने 'सर' म्हटले. पहिल्या नावाने हाक मारली नाही, हे त्यांना बरेच वाटले. तुमच्या नावाचे परदेशी जाणारे पार्सल पकडले आहे, त्यात अमली पदार्थ आहेत, असे तो म्हणाला. नानांनी पोस्टमास्तरच्या आवाजात विचारले, "कुठल्या ऑफिसात बुक झालं?" उत्तर म्हणून फोन 'वरच्या साहेबांकडे' गेला आणि पडद्यावर गणवेशातला माणूस आला. मागे झेंडा, टेबलावर फायली. त्याने नानांचे पूर्ण नाव, पत्ता आणि आधारचा क्रमांक वाचून दाखवला. मग म्हणाला, "दार लावून घ्या. घरात कोणालाही सांगू नका. सांगितलंत तर त्यांनाही आरोपी करावं लागेल."

आणि नानांनी दार लावले.

ज्यांना ते हसले होते, ते सगळे तेव्हा त्यांना आठवलेच नाहीत. आठवली ती 39 वर्षांची नोकरी. साहेबाने सांगितले की करायचे, सरकारी आवाज आला की उठून उभे राहायचे. त्या माणसाने विचारत जावे आणि नानांनी सांगत जावे, असे झाले. कोणत्या बँकेत खाते, मुदत ठेव किती, पेन्शन किती. माईंनी मध्ये दोनदा दार वाजवले. "जेवायला येताय ना?" नाना आतून म्हणाले, "जुनी कागदपत्रं बघतोय, थांब जरा." लग्नाला पन्नास वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी माईंना भीतीपोटी दिलेली ही पहिली थाप असावी.

शेवटी साहेबाने सांगितले, की ठेव मोडून सगळी रक्कम तपासासाठी एका खात्यात भरा, चौकशी झाली की परत मिळेल. तेव्हा नानांच्या तोंडून सवयीने शब्द निघाला, "पावती?"

"पावती नाही. आदेश आहे."

इथे मात्र काहीतरी अडले. एक रुपयाचे तिकीट असो की लाखाची बचत, पावतीशिवाय सरकारचा पैसा इकडचा तिकडे झालेला नानांनी पाहिला नव्हता. ते हळूच म्हणाले, "मग लेखी आदेश पाठवा. रजिस्टरने, पोचपावतीसकट. मी सही करून घेईन." पडद्यावरच्या साहेबाने एक घाणेरडी शिवी दिली. नानांनी फोन बंद केला. हात इतके थरथरत होते, की बटण तिसऱ्या वेळी दाबले गेले.

पैसा एकही गेला नव्हता. तरी पुढचे चार दिवस नाना बोलले नाहीत. दाराची बेल वाजली की दचकत. आपण सगळे सांगून बसलो, ही लाज भीतीपेक्षा मोठी होती. पाचव्या सकाळी माई चहा घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस झाले, पेपरची घडी मोडलेली नाही. चष्मा कपाळावर नाही आणि तुम्ही तो शोधतही नाही. काय झालंय?"

तेव्हा कुठे नाना बोलले. संध्याकाळी मुलगा आला. "नाना, रोज पेपर वाचता तुम्ही, तरी..." त्याने सुरुवात केली. माईंनी त्याला तिथेच थांबवले. "त्यांनी पैसे पाठवले नाहीत, हे आधी ऐक. आणि त्यांनी सांगितलं, हे दुसरं ऐक. ओरडलास तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत." मुलगा ओशाळला. त्याने बँकेला कळवले, 1930 या सायबर मदतीच्या क्रमांकावर माहिती दिली, आणि त्या रात्री नातू आजोबांच्या खोलीत झोपायला आला. कारण विचारले तर म्हणाला, "तुमचा पंखा चांगला आहे."

नानांनी ही हकिगत बागेतल्या कट्ट्यावर मुद्दाम सांगितली, शिवीसकट. मंडळी हसली. रोज मोठ्याने हसणारे एक निवृत्त शिक्षक मात्र गप्प होते. दुसऱ्या दिवशी ते एकटेच नानांकडे आले. उन्हाळ्यात त्यांनी दार लावून घेतले होते, पण त्यांच्या तोंडून 'पावती' हा शब्द निघाला नव्हता. मुलीच्या लग्नानंतर जपून ठेवलेली ठेव गेली होती. पत्नी हयात नाही, मुलगा परदेशात. पाच महिने त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. "लोक काय म्हणतील? वर्गात गणित शिकवायचो मी," ते म्हणाले. नाना त्यांच्याबरोबर पोलिसांकडे गेले. पैसे परत मिळतीलच असे कोणी सांगितले नाही. पहिल्या काही तासांत कळवले असते, तर रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता अधिक होती, एवढे मात्र तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले. परत येताना रिक्षात ते शिक्षक म्हणाले, "पाच महिन्यांनी आज भूक लागल्यासारखी वाटतेय." दोघांनी वाटेत मिसळ खाल्ली.

त्या दिवशी घरी आल्यावर नानांनी पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात एक कार्ड लिहिले आणि फोनजवळ चिकटवले. 'पिन आणि ओटीपी : कोणालाही सांगू नये. भीती वाटली : लगेच घरात सांगावे. 1930.' सूनबाईंनी ते वाचले आणि त्याचा फोटो काढून माहेरी पाठवला.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. आपण जिवंत आहोत हे पेन्शनर माणसाने दरवर्षी सिद्ध करायचे असते. 2014 पासून हे डिजिटलही होते. पण शिक्के मारून-मारून नानांच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. अंगठा यंत्राला ओळखू येईना. आता चेहऱ्यावरूनही काम होते. पोस्टमन घरी आला. वय पंचविशीचे, पण त्याने 'सर' न म्हणता 'नाना' म्हटले. मोबाइल समोर धरून म्हणाला, "नाना, डोळे मिचकावा."

"या वयात?" नाना म्हणाले. माई हसल्या. नानांनी डोळे मिचकावले.

थोड्या वेळाने फोन टुणकन वाजला. नाना आधी दचकले, मग चष्मा शोधू लागले. माईंनी कपाळाकडे बोट दाखवले. दाखल्याचा क्रमांक आला होता. नानांनी तो वाचला आणि फोन माईंपुढे धरला.

"ही बघ," ते म्हणाले, "पोचपावती आली."