खुब्यातलं सिमेंट

ज्यानं आयुष्यात एकदा घर बांधलं, तो मरेपर्यंत सिमेंटमधला तज्ज्ञ असतो. आमच्या नानांनी १९८१ साली इस्लामपुरात घर बांधलं, तेही परमिटाच्या जमान्यात. (२०२५ साली गावाचं नाव ईश्वरपूर करायचं सरकारनं ठरवलं, नानांच्या तोंडी अजून जुनंच आहे.) घर पुरं झालं आणि १९८२ साली सिमेंटवरचं नियंत्रण निम्मं उठलं, याचं दुःख त्यांना आजही आहे. त्यामुळे मिरजेच्या डॉक्टरांनी आईचा खुबा बदलताना "सांधा सिमेंटमध्ये बसवू," असं म्हणताच नाना खुर्चीत सरळ झाले.

"कुठल्या कंपनीचं? त्रेपन्न ग्रेड का त्रेचाळीस?"

"काका, हे पोत्यातलं नव्हे. चाळीस ग्रॅम पूड आणि वीस मिलिलीटर द्रव. कालवलं की गरम होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड!"

"आणि पाणी किती दिवस मारायचं?"

डॉक्टर भला माणूस. त्यांनी सांगितलं, की हे मुळात दातांच्या कवळीचं ॲक्रिलिक. १९६०च्या सुमारास इंग्लंडात जॉन चार्नली यांनी ते खुब्यात वापरून रूढ केलं. ते डिंकासारखं चिकटवत नाही. हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून मधली फट भरून काढतं.

"म्हणजे चौकट बसवताना भोवतीनं माल ठासतात, तसं."

"अगदी तसंच!" म्हणून डॉक्टरांनी हात जोडले.

मी बँकेतला माणूस. तुलनातक्ता केल्याशिवाय मलाही चैन पडेना. सिम्प्लेक्स पांढरं, सुरुवातीला पातळसर. पालाकॉस कणकेसारखं दाट आणि हिरवट. त्यात हरितद्रव्य घालतात, म्हणजे हाड कुठलं आणि सिमेंट कुठलं ते कळतं. १९७०च्या सुमारास हांबुर्गच्या बुखहोल्झ यांनी त्यात जेंटामायसिन मिसळलं, जंतूंना अटकाव म्हणून. आता दोन्हीकडे औषध घातलेला माल मिळतो. दोन्ही वर्षानुवर्षं टिकलेली. माझं मत म्हणाल तर पुडीवरच्या नावापेक्षा कालवणारा आणि ठासणारा हात बघावा. सिमेंटशिवाय बसणारे सांधेही असतात; पण म्हातारपणी हाड ठिसूळ झालं की सिमेंटच बरं, सांध्याभोवतीचं हाड मोडायची भीती कमी.

एवढा सगळा खल चालला असताना ज्या बाईचा खुबा, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "डॉक्टर, मला मांडी घालून बसता येईल का?"

"नाही काकू. मांडी नाही, उकिडवं नाही. खुर्ची आणि कमोड."

आई काही बोलली नाही. साठ वर्षं तिनं पाटावर बसून भाजी चिरली, जमिनीवर बसून पूजा केली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नानाही गप्प, घराला देशी संडास त्यांनीच हौसेनं बांधलेला.

परत येताना एस.टी.त नाना एकदाच बोलले, "त्या गवंड्याला उद्या बोलाव."

ऑपरेशन आठ दिवस पुढं गेलं. डॉक्टरांचं सिमेंट दहा मिनिटांत धरतं, पण नाना सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन कमोडच्या कोब्यावर पाणी मारत होते.