आहिस्ता चलो

माझे मिस्टर दोन वर्षांपासून मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात होते. मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना, तीन वर्षांचा करार. मी इकडे अकोला जिल्ह्यातल्या एका अनुदानित उर्दू शाळेत. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली, तेव्हा कुठं कायम झाले. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. निघण्याआधी मुख्याध्यापक म्हणाले, "आपा, राजीनामा द्यायचा असेल तर लवकर कळवा. पट घसरलाय. तुमची जागा पुन्हा भरायला मिळणार नाही."

हे वाक्य सामानाबरोबर माझ्यासोबत आलं. यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या मनात काय होतं ते त्यांना. विषय मात्र कुणीच काढत नव्हतं.

त्यांना सहा दिवसांची रजा मिळाली. सोबतचे लोक म्हणाले, कानकूनला जा, समुद्र बघा. हे म्हणाले, जवळचीच गावं बघू. एका सहकाऱ्याची जुनी निस्सान त्सुरू मागून घेतली आणि सहा दिवसांत जेमतेम अडीचशे किलोमीटर फिरलो. तिकडं प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतात, त्यांना 'तोपे' म्हणतात. पाटी दिसली की मला तात्या टोपेच आठवायचे. हे वेग वाढवू लागले की मी म्हणायची, "आहिस्ता चलो, हमें कौनसी गाडी पकडनी है?"

पुएब्लातच आधी एक कबर पाहिली. येशूसंघी पाद्र्यांच्या चर्चमध्ये कातारिना दे सान हुआन नावाची बाई पुरलेली आहे. तिचं मूळ नाव मिर्रा. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज चाच्यांनी ही पोर पळवली, मनिलाला विकली, आणि गलबतातून ती मेक्सिकोत आली. बाप्तिस्मा देऊन नाव बदललं. १६८८ मध्ये ती पुएब्लातच वारली. ती मोगल घराण्यातली होती असं तिच्या पाद्री चरित्रकारानं लिहून ठेवलंय. खरंखोटं अल्ला जाणे. आशियातून आलेल्या सगळ्यांनाच तिकडं तेव्हा 'चिनी' म्हणत. म्हणून ती 'चीना पोब्लाना', म्हणजे पुएब्लाची चिनी बाई. त्याच नावाचा भरतकामाचा पोशाख आज मेक्सिकोची शान आहे. तो तिनंच आणला असं लोक सांगतात, इतिहासकार मानत नाहीत. मला पोशाखाशी काय करायचंय? मी हिशेब करत होते, की एवढ्या वर्षांत ती आपल्या बोलीत कुणाशी बोलली असेल?

चोलुलाला दोन रात्री राहिलो. सकाळी पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या टोकावर धूर दिसायचा, आणि खाली बायका शांतपणे भाजी निवडत बसलेल्या. तिथलं कापिया रेआल हे चर्च पाहून मी दारातच थबकले. आत खांबांच्या रांगांमागे रांगा आणि वर ४९ छोटे घुमट. कॉर्दोबाच्या मशिदीशी त्याची तुलना करतात. स्पेनमधून मुसलमान हाकलले गेले, पण त्यांचे गवंडीकाम समुद्र ओलांडून इथवर आलं. भाषेतही तेच. साखरेला आसूकार, तेलाला आसेइते, तांदळाला आर्रोस, संत्र्याला नारांहा. सगळे अरबीतून गेलेले. माझ्या सातवीच्या पोरींना हा धडा शिकवायला केवढी मजा येईल, असं मनात आलं, आणि लगेच यांच्याकडं पाहायचं मी टाळलं.

खाण्याची कथा वेगळीच. पुएब्लात 'ताकोस आराबेस' म्हणजे अरबी ताको प्रसिद्ध आहेत. नाव वाचून मी हरखले. हे हसून म्हणाले, "नाम अरबी है, गोश्त सुअर का." पश्चिम आशियातून आलेल्या लोकांनी १९३० च्या सुमारास हा पदार्थ रुजवला आणि मांस इथलं घेतलं. घेवड्याच्या उसळीतही पुष्कळदा डुकराची चरबी असते. 'मान्तेका आहे का?' हे माझं स्पॅनिशमधलं पहिलं अख्खं वाक्य. मग आम्ही भोपळ्याची फुलं नि चीज भरलेल्या मक्याच्या भाकरीवर दिवस काढले, निवडुंगाची भाजीही खाल्ली. मका चुन्याच्या पाण्यात उकळून वाटतात आणि हातावर थापून तव्यावर टाकतात. तो आवाज अम्मीच्या चुलीपुढचाच. बाजारात मिरच्यांचे ढीग पाहिले. आपल्या भिवापुरी मिरचीचं माहेर हेच, हे तिथं नाक झोंबल्यावर पटलं.

त्लास्कालाला संत फ्रान्सिसच्या मठातलं लाकडी छत बघायला चढ चढून गेलो. तारे कोरलेले, सगळी अरबी धाटणी. बाहेर पायऱ्यांवर कणसं विकणारी म्हातारी आभाळाकडं बघून म्हणाली, "ओहाला." पाऊस यावा, असा अर्थ. हा शब्दही 'अल्लानं चाहिलं तर' अशा अरबी बोलातूनच निघालाय. ती गेल्यावर हे हळूच म्हणाले, "इन्शाल्लाह तो यहाँ भी है. रह जाओगी?"

मी म्हटलं, "मेरी जगह खत्म हो जाएगी."

"और मेरी?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री जेवताना आपल्या खोलीतलं एकटेपण त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. तापात तीन दिवस पडून होते, फोनवर मला 'काम जादा है' म्हणाले होते. मी रडले. रागही आला, खरं सांगते.

शेवटी चापिंगो. तेस्कोकोजवळ तिथं कृषी विद्यापीठ आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, तिथं प्राध्यापक होते. मक्याच्या जाती सुधारल्या, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. २०२२ मध्ये तिथं त्यांचा पुतळाही उभा राहिला. विद्यापीठाच्या जुन्या प्रार्थनागृहात रिव्हेरानं काढलेल्या उघड्या स्त्रिया पाहून मी आधी नजर खाली घातली, मग हळूच वर पाहिलं. पण पुतळ्यापाशी जास्त वेळ थांबलो. इंग्रज असेपर्यंत या माणसाला घर बंद होतं. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. हे पुतळ्याकडं बघत म्हणाले, "वर्धा अकोल्याहून किती, तीन-चार तास?" मी म्हटलं, "गाडीवर आहे."

परतताना पुएब्लात एका तालावेरा टाइलांच्या दुकानात शिरलो. निळ्या-पांढऱ्या टाइलवर घराचा नंबर लिहून देतात. दुकानदारानं विचारलं, कुठला नंबर? हे क्षणभर गप्प राहिले. मला वाटलं, तिथल्या फ्लॅटचा सांगतील. त्यांनी आमच्या अकोल्याच्या घराचा सांगितला.

करार त्यांनी पुढं वाढवला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये परत आले. इथं अजून मनासारखं काम मिळालेलं नाही, आणि कधी कधी त्यावरून आमच्यात खटके उडतात. टाइल फडक्यात गुंडाळून पेटीत आहे. गवंडी दोनदा येतो म्हणाला, आला नाही.