हार्डवेअरच्या दुकानातली जुनी मोटारसायकल

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. तेथील डी स्ट्रीटवर ई. हेज नावाचे हार्डवेअरचे दुकान आहे. खिळे, नटबोल्ट, फावडी विकणाऱ्या या दुकानात एक जुनी मोटारसायकल मांडून ठेवली आहे. ती पाहण्यासाठी लांबलांबच्या देशांतून माणसे येतात.

ही गाडी बर्ट मन्रो यांची. तिचे नाव 'इंडियन स्काउट'. नाव ऐकून वाचकांनी फसू नये, कारण कंपनी अमेरिकेची. १९२० साली घेतलेली ६०० सीसीची ही गाडी तेव्हा ताशी फार तर ८८ किलोमीटर धावत असे. मन्रो शेतकऱ्याचे पुत्र. पुढे त्यांनी मोटारसायकली विकण्याचे व दुरुस्तीचे काम केले. शर्यतीची नवी गाडी घेण्याऐवजी त्यांनी हीच गाडी आयुष्यभर सुधारली.

ते जुन्या डब्यांत धातू ओतून पिस्टन घडवत. कनेक्टिंग रॉड जुन्या अवजड वाहनाच्या अॅक्सलमधून हाताने कोरून काढत. वेग वाढवला की कुठला तरी भाग तुटे. मग तो अधिक मजबूत करून पुन्हा बसवायचा. तुटलेले भाग ते फेकून देत नसत. फळीवर मांडून ठेवत आणि वेगाच्या देवाला वाहिलेला हा नैवेद्य, असे म्हणत. अशा रीतीने इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढले.

शहराजवळच ओरेटीचा लांबलचक समुद्रकिनारा आहे. ओहोटीनंतर ओली वाळू घट्ट बसते आणि तीच धावपट्टी होते. मन्रो आपल्या गाड्या येथे पळवून पाहत. मात्र वाळू आणि खारे पाणी चेनला, कार्बोरेटरला सोडत नाही. धाव संपली की गाडी धुऊन, खोलून साफ करणे आलेच.

मन्रो ही गाडी घेऊन अमेरिकेतील युटा राज्याच्या बॉनव्हिल मिठागरावर गेले. तेथे विक्रमासाठी एकदा जाताना आणि एकदा उलट येताना वेग मोजून सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणाला मिळत नाही. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी १००० सीसीखालील गटात विक्रम केला. नोंद झाली ताशी १८३.५९ मैलांची.

पण हिशेब चुकला होता! मन्रो १९७८ साली वारले. पुढे त्यांचे पुत्र जॉन यांनी जुने आकडे ताडून पाहिले. एका दिशेचा वेग १८४.७१० मैल, दुसऱ्या दिशेचा १८३.४६३. सरासरी येते १८४.०८७ मैल, म्हणजे ताशी सुमारे २९६ किलोमीटर. अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने २०१४ साली नोंद दुरुस्त केली.

फरक अर्ध्या मैलाचा. पण ते एका कारागिराच्या श्रमाचे माप होते. आकडे लिहून ठेवले होते, म्हणूनच मृत्यूनंतर ३६ वर्षांनी का होईना, पूर्ण माप पदरात पडले.

२००६ पासून मन्रो यांच्या नावाने इन्व्हरकार्गिल परिसरात स्पर्धा भरते. ओरेटीच्या वाळूवर तेव्हा पुन्हा इंजिनांचा आवाज घुमतो. जुन्या गाड्या त्यात पळतात, कारण कोणीतरी वर्षभर हात काळे करून त्यांना उभे केलेले असते. आपल्या घरातही पाना-पकड चालवणारे हात असतील. त्या हातांचे काम मुलांना दाखवावे, आणि वहीत लिहूनही ठेवावे.