अमक्याची आई, तमक्याची बायको

मतदार यादीत आज नाव तपासलं आणि सुकुमार सेन आठवले. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवेळचे मुख्य निवडणूक आयुक्त. तेव्हा लाखो बायकांनी यादीसाठी स्वतःचं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’, बस्स. सेन अडून बसले. नाव नाही तर मत नाही! सुमारे २८ लाख जणी वगळल्या गेल्या, बहुतेक उत्तरेकडच्या. कठोर होतं, पण मला सेनांचंच पटतं. (लग्नात तांदळावर नवं नाव लिहून जुनं पुसणाऱ्या आपण त्या बायकांना कशाला हसावं?) मताचा हा हक्क फुकट मिळाला असंही नाही, १९१७ सालीच सरोजिनी नायडू तो मागायला ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यूंकडे गेल्या होत्या. तर बायांनो, लग्नानंतर नाव-पत्ता बदलला असेल, तर निवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता यादीतली नोंद दुरुस्त करून घ्या.