न सांगितलेले सामर्थ्य

जुन्या यंत्राविषयी माणसाला जी माया वाटते, तिच्यात कृतज्ञतेपेक्षा काटकसरच अधिक असते, असे आमच्या घरच्या मंडळींचे मत आहे. आम्ही त्याचा प्रतिवाद करीत नाही. परप्रांतात चालविलेल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाची ग्रंथसूची ज्या लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षे साठत गेली, तो बाद करावा असा ठराव २०१८ साली कार्यकारिणीपुढे आला. आधी त्याचे दुखणे तरी पाहू द्यावे, एवढीच विनंती आम्ही केली.

दुखणे असे: लिनक्सची नवी आवृत्ती घातल्यापासून यंत्र सुरू होताच थबके. काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी उमटत आणि पुढे सारे निःशब्द. कोणी म्हणाले डिस्क गेली, कोणी म्हणाले मेमरी. परंतु आरंभीच्या यादीतून जुना कर्नेल निवडला की तेच यंत्र निमूट चालू होई. तेव्हा डिस्क आणि मेमरी यांच्याकडे दोष जात नव्हता. भांडण नव्या कर्नेलचे आणि जुन्या प्रोसेसरचे होते. मग त्या ओळी आम्ही सावकाश वाचल्या. या प्रोसेसरपाशी पीएई नाही, सबब पुढे जाता येत नाही, असा त्यांचा आशय होता.

पीएई म्हणजे ३२ बिटांच्या प्रोसेसरला ४ गिगाबाइटांपलीकडील मेमरी गाठू देणारी सोय. ती १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आहे. मग २००३ साली आलेल्या पेंटियम एमपाशी ती कशी नसावी? मौज अशी की, ती त्याच्यापाशी असते. त्या घराण्यातील आरंभीचे प्रोसेसर आपल्या गुणांच्या यादीत ती सांगत नाहीत, इतकेच. 'तुझ्यापाशी काय काय आहे?' असे कर्नेल विचारतो. प्रोसेसर पीएईचे नाव घेत नाही. आणि कर्नेल त्याचे मौन प्रमाण मानून थांबतो. गुण अंगी असून दाखल्यावर नसल्याने दारातून परतलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पोटासाठी प्रांत बदलणाऱ्यांच्या वाट्याला हा अनुभव विशेष येतो.

यावरची तोड २०१४ साली लिनक्समध्येच करून ठेवण्यात आली. आरंभीच्या यादीत 'ई' ही कळ दाबून कर्नेलच्या ओळीअखेर 'फोर्सपीएई' हा शब्द लिहिला की, कर्नेल त्या मौनाकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. मात्र जोखीम तुमची, असे तो बजावतो आणि आपल्या दप्तरी तशी नोंदही ठेवतो. आम्हांला हा व्यवहार न्याय्य वाटला. यंत्र चालू झाले, ठराव बारगळला. तथापि सूचीच्या दोन प्रती आम्ही अन्यत्र ठेवल्याच. माया निराळी, भरवसा निराळा.

सर्वच जुन्यांचे भाग्य एवढे थोर नसते. लिनक्सचा जन्म १९९१ साली ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर झाला. त्याच ३८६ चा आधार २०१२ च्या डिसेंबरात काढून घेण्यात आला. तेथे न सांगितलेले असे काही नव्हते. पुढील प्रोसेसरांना येणाऱ्या काही आज्ञा त्याला मुळातच येत नव्हत्या, आणि त्याच्यासाठी केलेल्या सोयींचा भार साऱ्या रचनेला वाहावा लागे.

म्हणून जुने काही अडले की पहिला प्रश्न हा विचारावा: याच्यापाशी ते नाही, की याने ते सांगितले नाही? नसेल, तर आदराने निरोप द्यावा. सांगितले नसेल, तर कोणीतरी जोखीम पत्करून त्याच्यासाठी एक शब्द टाकायला हवा.