मत जरा उशिरा

माणसं निवडण्याचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींना एका गोष्टीचा फार अभिमान असतो: माणूस दारातून आत येतानाच ओळखता येतो. त्याची ढब, पहिलं सफाईदार वाक्य आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत अजूनही इंग्रजी उच्चार, एवढ्यावर मत तयार होतं. उरलेला अर्धा तास त्या मतासाठी पुरावे गोळा करण्यात जातो. आवडलेला उमेदवार अडखळला तर तो 'विचार करून बोलतो', नावडता अडखळला तर त्याची 'तयारी नाही'. आतला कौल खोटाच असतो असं मी म्हणत नाही. तो फार लवकर बोलतो, हे माझं दुखणं आहे.

१९५५च्या सुमारास इस्रायली सैन्यात एकवीस वर्षांच्या डॅनियल कानमन यांच्याकडे नव्या जवानांच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचं काम आलं. पुढे २००२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले ते हेच. आधीच्या पद्धतीत मुलाखत घेणारे पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारून एकंदर अंदाज द्यायचे आणि त्या अंदाजाचा जवानाच्या पुढच्या कामाशी जवळजवळ काहीच संबंध निघत नव्हता. कानमन यांनी सहा गुण ठरवले. प्रत्येकासाठी आधीच्या आयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींविषयी ठरावीक प्रश्न विचारायचे आणि एका गुणाचे एक ते पाच अंक दिल्यावरच पुढच्याकडे वळायचं. आम्हाला यंत्र करून टाकता, म्हणून मुलाखत घेणारे चिडले. तेव्हा कानमन यांनी तडजोड केली: सहाही अंक देऊन झाल्यावर डोळे मिटा आणि तुम्हाला काय वाटतं त्याचाही अंक द्या. बेरजेचा अंदाज जुन्या पद्धतीपेक्षा बराच सरस निघाला. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: डोळे मिटून दिलेला अंकही त्या बेरजेइतकाच खरा ठरला. सुरुवातीला निरुपयोगी असलेला तोच कौल माहिती पचवल्यावर कामाचा झाला.

यावर आक्षेप येतो की असामान्य माणूस अशा रकान्यांत मावत नाही. क्वचित खरंही असेल. पण मोकळ्या गप्पांत आपल्याला असामान्य सापडतो, की आपल्यासारखाच बोलणारा? टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयाला १९७९मध्ये ऐन वेळी पन्नास जागा वाढवाव्या लागल्या आणि मुलाखतीनंतर यादीत बरेच खाली गेलेले विद्यार्थी घ्यावे लागले. शिक्षण संपेपर्यंत आधी निवडलेल्यांत आणि या पन्नासांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. सगळेच चाळणीतून आलेले होते हे मान्य. पण मग मुलाखतीतल्या मतानं निवडलं काय?

दुसरा आक्षेप छोट्या धंद्यांचा: चार माणसांच्या जागी एवढा सोपस्कार कशाला? खरं तर हे शहाणपण वर्कशॉपमध्ये आधीपासून आहे. वेल्डरला तिथं आवडीनिवडी विचारत नाहीत, जॉइंट मारून दाखवायला सांगतात. गंमत अशी, की त्याच वर्कशॉपचा मॅनेजर मात्र चहाच्या कपावर ठरतो.

पॅनेलवर बसणाऱ्यांना एकच विनंती. उमेदवार बाहेर पडला की साहेबांनी लगेच 'कसा वाटला?' म्हणू नये, कारण साहेबांचा सूर कळला की बाकीच्यांचे अंक तिकडे झुकतात. आधी प्रत्येकानं आपापल्या कागदावर अंक लिहावेत, मग तोंड उघडावं.